नळीचं बाळ घरी आलं, आता पुढे?

वाचकांचे प्रश्न

ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छोटा छेद देऊन श्वासासाठी नळी बसवलेली मुलं आणि घरी ऑक्सिजनवर असलेली मुलं यांच्याविषयी नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं बालपरिचर्या आणि श्वसनोपचार यांत काम करणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. तुमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. वेळेआधी जन्मला, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता. त्यात स्वरयंत्राखालची जागा आवळली म्हणून नळी बसवली. नळी ३.५ ची आहे. घरी येऊन तीन आठवडे झाले. सक्शन करताना (यंत्रानं नळीतला कफ ओढून काढताना) कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, अडेपर्यंत आत घालते, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. दोन दिवस झाले, कफात लाल रेघा दिसतायत. माझं काही चुकतंय का?
*— एक आई, सिडको*

उत्तर : ताई, ते ‘अडेपर्यंत’ आहे ना, तिथेच चुकतंय. श्वासनलिका खाली दोन फाट्यांत विभागते, कॅथेटर अडतो तो त्या फाट्यावर. प्लॅस्टिकचं टोक रोज वीसदा एकाच ठिकाणी आपटलं की आतलं अस्तर सोलवटतं. आधी रेघा येतात. तसंच चालू राहिलं तर तिथे मांस वाढतं आणि पुढे तेच श्वासाच्या आड येतं.

खोली आधी मोजून ठेवायची. घरात जी जादा नळी आहे (नसेल तर आजच आणा) तिच्यात कॅथेटर घाला. टोक आणि बाजूची भोकं नळीच्या बाहेर डोकावली, साधारण अर्धा सेंटिमीटर, की थांबा. कॅथेटर नळीच्या वरच्या तोंडाशी जिथे आहे तिथे मार्करनं खूण करा. तेवढा कॅथेटर कागदावर आडवा ठेवून रेघ मारा आणि कागद पाळण्याच्या वर भिंतीला चिकटवा. दर वेळी नवा कॅथेटर त्या रेघेला लावायचा, बोटांनी तिथे धरायचा आणि बोटं नळीला टेकली की पुढे सरकायचं नाही. नळीचा आकार किंवा कंपनी बदलली तर रेघही नव्यानं मारायची.

कॅथेटरची जाडी नळीच्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको. ३.५ ला दुप्पट ७, त्याच्या वर नाही. मेडिकलच्या दुकानात ६ आणि ८ नंबर सहज मिळतात. ‘८ नं कफ पटकन निघतो’ असं कोणी सांगेल, पण तो नळीची अर्ध्याहून जास्त जागा अडवतो आणि तेवढा वेळ मुलाला हवा कमी पडते. ६ घ्या.

आत जाताना अंगठा भोकावरून उचललेला, म्हणजे ओढ बंद. बाहेर येताना अंगठा दाबून, कॅथेटर बोटांत हलका फिरवत. आत-बाहेर मिळून पाच ते दहा सेकंद. स्वतःचा श्वास रोखून धरा, तुम्हाला घुसमटायला लागलं म्हणजे त्यालाही लागलंय. दोन वेळांच्या मध्ये त्याला चार-पाच श्वास घेऊ द्या.

यंत्राचा दाब तपासा. रबरी नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करून काटा बघायचा : ८० ते १०० एमएमएचजी (mmHg), फार तर १२०. घरगुती यंत्रांची तबकडी बहुधा ७६० पर्यंत असते, त्यामुळे १०० ची जागा अगदी सुरुवातीला येते. मधोमध काटा बघून बरं वाटतं, पण तो दाब या कामासाठी तिप्पट-चौपट झाला. उलट काटा हलतच नसेल तर बरणीचं झाकण तिरकं बसलंय, रबरी वॉशर निसटलाय किंवा बरणी भरून छोटा गोल फिल्टर ओला झालाय. ओला फिल्टर वाळवून चालत नाही, बदलावा लागतो. म्हणून बरणी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि एक फिल्टर जादा ठेवा.

आता वीस-पंचवीस वेळांचं. घड्याळ लावून सक्शन करायचं नाही. घरघर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, श्वास जोरात चालला, किंवा झोपेतून उठल्यावर, खाण्याआधी आणि झोपण्याआधी गरज वाटली, तेवढंच. सक्शननं आतला भाग चिडतो आणि चिडलेला भाग आणखी कफ सोडतो. थोडं विरजणासारखं आहे, सारखं ढवळलं की ते लागत नाही.

कफ मुळात घट्ट का होतो? नाक हवा ओली आणि गरम करून पाठवतं, नळीनं नेमका तोच रस्ता टाळलाय. त्यात नाशिकची डिसेंबर-जानेवारीची आणि मग एप्रिलची कोरडी हवा. नळीच्या तोंडाला बसणारं छोटं ओलावा धरणारं फिल्टर, ज्याला रुग्णालयात एचएमई म्हणतात, ते दिवसा लावून ठेवा. रोज नवं, आणि कफानं भिजलं तर लगेच. हे धुऊन वापरता येत नाही. सलाइनचे थेंब नळीत सवयीनं टाकू नका. कफ फारच चिकट झाला तर सलाइनची वाफ, म्हणजे नेब्युलायझर, जास्त कामाची.

नुसत्या रेघा असतील तर खोली आणि दाब सुधारल्यावर दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हव्यात. कफ पिवळा-हिरवा, वासाचा झाला आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पण ताजं लाल रक्त चमचाभर जरी आलं, तर थांबल्यासारखं वाटलं तरी घरी थांबायचं नाही.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या मुलीची नळी परवा रात्री फीत सैल होऊन बाहेर आली. बायकोनं परत बसवली, मी नुसता उभा राहिलो. रुग्णालयात सगळं तिलाच शिकवलं होतं. मला नेमकं काय यायला हवं?
*— एक बाबा, नाशिकरोड*

उत्तर : तिला येतं तेवढं सगळं, आणि तेही येत्या आठवड्यात. एकट्याच्या हातानं नळी बसवता येते, पण बसवताना फीत बांधायला, खांदे धरायला, १०८ लावायला दुसरा माणूस लागतो. घरात शिकलेली एकच व्यक्ती असेल तर ती आंघोळीला गेली की घरात शिकलेलं कोणीच उरत नाही.

आधी पिशवी. मुलगी जिथे, पिशवी तिथे, अगदी गॅलरीतसुद्धा. त्यात : त्याच आकाराची नळी, अर्ध्या नंबरानं लहान दुसरी नळी, दोन फिती, बोथट टोकाची कात्री, मापाचे कॅथेटर, सलाइनच्या छोट्या कुप्या, पाण्यात विरघळणारी जेली (व्हॅसलीन नव्हे), खांद्याखाली घ्यायला गुंडाळलेला पंचा, आणि नळीला थेट जोडता येणारी अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी). वीज नसताना चालणारा पायाचा सक्शन पंप मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मुलगी तडफडतेय, निळी पडतेय, छाती आत ओढली जातेय. नळी जागेवर असेल तर आधी सक्शन. कॅथेटर आत जातच नसेल तर नळी कफाच्या खड्यानं बंद झाली आहे. तिथे सलाइन, वाफ, पाठ थोपटणं यात वेळ घालवायचा नाही. फीत कापा, नळी काढा, नवी घाला.

नवी घालताना : पंचा खांद्याखाली, मान मागे, भोक ताणून स्पष्ट दिसलं पाहिजे. नळीत तिची दांडी (टोक गोल ठेवणारी आतली काडी) घातलेली, टोकाला जेली. आधी सरळ पाठीच्या दिशेनं, मग नळीच्या वळणानं खाली. आत गेली की दांडी त्याच क्षणी काढायची, कारण दांडी आत असेपर्यंत नळी बंदच असते. घाबरलेल्या हातांकडून नेमकं हेच राहून जातं : नळी बसली म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा आणि दांडी तशीच. नळीचे पंख बोटांनी गळ्याशी दाबून धरा, दुसऱ्यानं फीत बांधायची, आणि बांधून होईपर्यंत बोटं उचलायची नाहीत.

जात नसेल तर जोर लावू नका. लहान नळी घ्या. तीही जात नसेल तर लहान नळीतून कॅथेटर ओवा, कॅथेटरचं टोक भोकातून थोडं आत सोडा आणि त्यावरून नळी सरकवा, पायजम्यात नाडी ओवतो तसं. लहान मुलांचं भोक नळीशिवाय फार पटकन आवळतं, म्हणून ‘रुग्णालयात जाऊन घालू’ हा पर्याय नाही. श्वास थांबला असेल तर नळीतून बॅगनं पाच श्वास, मग छातीवर पंधरा दाब, दोन श्वास, असं चालू ठेवायचं. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. नळी बसलीच नाही तर तोंडावाटे श्वास देता येतो का, हे मुलीमुलीत वेगळं असतं : वरची वाट पूर्ण बंद असेल तर तिथून हवा जात नाही. हे सर्जनना आजच विचारा आणि उत्तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

फीत सैल झाली ती झोपवून बांधल्यामुळे असावी. मुलीची मान पुढे झुकवून बांधा, फितीखाली तुमचं एकच बोट जेमतेम गेलं पाहिजे. झोपवून, मान मागे असताना बांधलेली फीत उठल्यावर सैल होते. नळी ठरलेल्या दिवशी बदलायची असते (अनेक ठिकाणी आठवड्यानं), तो दिवस तुमच्या सुट्टीचा ठरवा आणि बदलणारे हात तुमचे असू द्या. बायकोनं फीत धरायची.

आणखी एक. नळीच्या मुलाचं रडणं ऐकू येत नाही, हवा आवाजाच्या पडद्यांपर्यंत पोचतच नाही. रात्री पल्स ऑक्सिमीटरचा अलार्म हवा, आणि तोही पायाच्या अंगठ्याला गुंडाळायच्या प्रोबचा. मोठ्यांचं बोटाला लावायचं चिमट्याचं यंत्र तान्ह्याला चुकीचे आकडे दाखवतं. दुसऱ्या पायात आजीनं दिलेले घुंगरांचे पैंजण असू द्या. मुलं फार लवकर शिकतात की पाय आपटला की कोणीतरी येतं.

प्रश्न : नात नऊ महिन्यांची. सातव्या महिन्यात जन्मली, फुप्फुसं कच्ची म्हणून नाकातल्या नळीनं अर्धा लिटर ऑक्सिजन चालू आहे, कॉन्सन्ट्रेटरवर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं यंत्र). आम्ही द्राक्षाच्या मळ्यात राहतो. वीज जाते, ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या चालू होतात, थंडीत बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. काय काळजी घ्यावी?
*— एक आजोबा, ता. निफाड*

उत्तर : आजोबा, आधी विजेचं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो, तुम्ही अर्धाच लिटर सोडला तरी जवळपास तेवढाच. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण इन्व्हर्टरमध्ये जाणारं आणि बॅटरीत राखायचं वजा जाता हजार-बाराशे हाती लागतात. म्हणजे तीन-सव्वातीन तास, त्यावर पंखा आणि टीव्ही चालवला नाही तर. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. मळ्यातली वस्ती शेतीपंपाच्या फीडरवर असेल तर पाळीच्या विजेवर हे यंत्र भागणार नाही. गावठाणाच्या फीडरवरून जोडणी मिळते का, ते महावितरणच्या शाखा कार्यालयात मुलीच्या कागदांसह लेखी विचारा. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर.

खरा आधार सिलिंडरचा. बी टाइपचा सिलिंडर, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा, भरलेला असताना सुमारे १५०० लिटर देतो. हिशेब सोपा आहे : काट्यावरचा आकडा (किलोमध्ये) गुणिले दहा म्हणजे उरलेले लिटर. काटा १५० वर असेल तर १५०० लिटर. अर्ध्या लिटरनं ते तीन हजार मिनिटं पुरतात, म्हणजे पन्नास तास, आपण चाळीसच धरायचे. काटा ५० वर आला की पाचशे लिटर, सोळा तास, म्हणजे दुसरा सिलिंडर घरात येऊन पडलेला असला पाहिजे. मोठ्यांच्या पंधरा लिटरच्या फ्लोमीटरवर (मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर) अर्धा लिटर नीट लावता येत नाही, गोळी तळाशीच लडबडते. शून्य ते एक किंवा तीन लिटरचा लहान मुलांचा फ्लोमीटर मागा. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा आणि जोडण्यांना तेल-ग्रीस लावू नका, कितीही कुरकुरलं तरी. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की ते पेट घेऊ शकतं.

ऑक्सिजन पोचतोय का, हे बघायला नाकातली टोकं पाण्याच्या वाटीत धरा. बुडबुडे आले तर ठीक, मग पुसून लावा. नाही आले तर बहुधा पाण्याच्या बाटलीचं झाकण वाकडं बसलेलं असतं किंवा नळी कॉटच्या पायाखाली आलेली असते. बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं, रोज नवं. यंत्राचा मागचा जाळीदार फिल्टर आठवड्यानं साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा, आणि यंत्र भिंतीपासून हातभर लांब.

देवघर. समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, सगळं ऑक्सिजनपासून किमान दहा फूट. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्यात भिजलेलं झबलं ठिणगीनं भडकतं. डासांची कॉइल तर घरातच नको, मच्छरदाणी लावा.

फवारणीचा दिवस तुम्हाला आधी माहीत असतो, हे चांगलं. ब्लोअर लागायच्या आधीच नात आणि तिची आई गावातल्या घरी किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाला गेलेल्या असू द्या, आणि वास पूर्ण गेल्यावर, निदान एक रात्र उलटल्यावर, परत आणा. गंधकाची भुकटी उधळत असेल तर आणखी जपून. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, औषधाचा वास अडवणारी चाळणी त्यात नसते. फवारणारा माणूस आंघोळ करून, कपडे बदलूनच तिला घेणार. शेजाऱ्याच्या बागेचं वेळापत्रकही विचारून ठेवा, बांधापलीकडचं औषध बांध बघत नाही.

शेकोट्यांचं जास्त अवघड आहे. निफाडच्या पहाटे थंड हवा जमिनीला चिकटून बसते, धूर वर न जाता घरात शिरतो. घराच्या बाजूच्या ओळींत शेकोटीऐवजी पहाटे पाणी सोडता येतं, बागायतदार थंडीत तेही करतातच. तिच्या खोलीच्या फटी रात्रीच ओल्या फडक्यानं बंद करा. तिचा श्वास झोपेतही भराभर चालला, नाकपुड्या फुलायला लागल्या किंवा ऑक्सिमीटर डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्याखाली (अशा बाळांना बहुधा ९२-९३) टिकून राहिला तर रुग्णालय. ऑक्सिजन घरी वाढवून सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : नातवाला नळी आहे. सुनेनं धुरी, तेल, पावडर सगळं बंद केलंय. आम्ही चार मुलं अशीच वाढवली. इतकं कडक कशाला?
*— एक आजी, पंचवटी*

उत्तर : आजी, सुनेचं बरोबर आहे. तुमच्या चार मुलांना नाक होतं, ते धूर गाळत होतं. याचा रस्ता थेट फुप्फुसात उघडतो. ओवा-वावडिंगाची धुरी अजिबात नाही. टाल्कम पावडर नाही. नाकात तेलाचा थेंब तर नळी नसलेल्या बाळालाही नको, ते फुप्फुसात उतरलं की तिथे न्यूमोनिया करतं. अंगाला, हातापायांना तेल चोळायला हरकत नाही, मानेपासून चार बोटं लांब थांबा. न्हाऊ घालताना टबात चार बोटं पाणी, मूल बसतं, आणि डोक्यावर तांब्या ओतायचा नाही. केस धुवायचे ते त्याला आडवं धरून, मागच्या मागे. लोकरीचं टोपरं सुटे धागे सोडतं, सुती घाला. बाकी मांडीवर घेणं, खेळवणं, गोष्टी सांगणं, ते तुमच्याइतकं कोणाला जमणार? सक्शनही शिका, हात तुमचे स्थिर असतील.

प्रश्न : आमच्या बालवाडीत नळी असलेला साडेतीन वर्षांचा मुलगा येणार आहे. घ्यावा का?
*— एक शिक्षिका, गंगापूर रोड*

उत्तर : घ्यावा. अट एकच : नळी बदलता येणारी एक व्यक्ती शाळेच्या पूर्ण वेळात त्याच्या हाकेच्या अंतरावर हवी, आणि सुरुवातीला ती घरचीच असू द्या. वाळूचा हौद, कोरडा खडू झटकणं, पिसं-थर्मोकोलचे दाणे यांपासून लांब. नळीला बोलण्याची झडप असेल तर ती लावून तो बोलेल, पण डुलकी लागली की झडप काढायची, झडप लावून झोपू द्यायचं नाही. नाशिकची रंगपंचमी आली की त्याला रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांच्या, गर्दीत नेऊ नका, आणि शाळेत कोरडा गुलाल नको. कागदावर ओले रंग लावू द्या. मुलं विचारतील हे काय आहे, सरळ सांगा : ‘तो इथून श्वास घेतो.’ ती पाच मिनिटांत विसरतात. पालकसभेला जास्त वेळ लागेल.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी मुलीला तपासायला मुंबईला न्यावं लागतं. सिंहस्थात रस्ते बंद असतील तेव्हा काय करायचं?
*— एक आई, जुनं नाशिक*

उत्तर : मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, म्हणजे तपासणीची तारीख आत्ताच त्या दिवसांपासून हलवून मागता येईल. स्नानाच्या आधीच्या-नंतरच्या दिवसांत गोदाकाठच्या गल्ल्यांत गाडी येणार नाही असं धरून चला आणि जमलं तर तेवढे दिवस इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा बाजूच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. सिलिंडर भरणाऱ्यालाही आधी सांगा, त्याचीही गाडी अडणार आहे.

प्रवासात ऑक्सिजन हिशेबाच्या दुप्पट घ्या : चार तासांचा रस्ता असेल तर आठ तासांचा. सिलिंडर सीटला पट्ट्यानं आवळून आडवा, डिकीत मोकळा नाही. गाडीत कोणी विडी-सिगारेट ओढणार नाही. सक्शन यंत्र आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून, निघण्याआधी एकदा पाणी ओढून बघायचं, कारण जुनी बॅटरी दिवा हिरवा दाखवते आणि दहा मिनिटांत बसते. एसीनं हवा कोरडी होते, एचएमई लावूनच निघा. मागच्या सीटवर मुलीच्या शेजारी शिकलेला माणूस बसेल, चालवणारा वेगळा. आणि ती पिशवी तिच्या पायाशी, सामानाच्या खाली नाही.